पहिल्या गाडीचा विमा घेताना

नव्या कारच्या विम्याचा आकडा मोठा दिसतो, कारण त्यात तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा विमा, एकरकमी घेतलेला असतो. 1 सप्टेंबर 2018 पासून तसा नियमच आहे. हा दर सरकार ठरवतं, तिथे घासाघीस चालत नाही. इंजिन 1500 सीसीच्या वर गेलं की तो दुपटीहून जास्त होतो.

घासाघीस करायची ती गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागावर. शोरूमचं कोटेशन हातात घेऊन एकेक ओळ वाचा, आणि बाहेरूनही दोन कोटेशनं मागवा. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. झीरो डेप, म्हणजे भाग बदलताना घसारा न कापणारं जोड-कव्हर, पहिली काही वर्षं घ्याच. ते नसेल तर बंपरसारखा प्लास्टिकचा भाग बदलताना निम्मी किंमत खिशातून जाते. किल्ली हरवल्याचं कव्हर मला तरी फारसं कामाचं वाटत नाही. मात्र प्रीमियम कमी दिसावा म्हणून कोणी आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, उतरवून देत असेल तर स्पष्ट नाही म्हणा. गाडी चोरीला गेली तर भरपाई त्याच आकड्यावर ठरते.

किरकोळ ओरखड्यांसाठी क्लेम लावू नका. एक वर्ष बिनक्लेम गेलं की स्वतःच्या नुकसानीच्या भागाच्या प्रीमियमवर 20 टक्के सूट, सलग पाच वर्षं गेली की 50. मुदत संपल्यावर 90 दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर ती सगळी जाते.