दोघांनाही डेंग्यू, घरात तिसरं कोणी नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दोघांचीही एनएस-1 (डेंग्यूची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह, तुमचा ताप 102, नवऱ्याचा आज सकाळी उतरला म्हणून आता घरातलं सगळं तो बघणार, आणि लातूरहून सासूबाई ‘निघू का’ विचारतायत. सासूबाईंचं नंतर. आधी नवऱ्याला परत झोपवा.

मी डॉक्टर नाही. हाच शहाणपणा स्वतः करून बसलेला माणूस आहे. काही वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर, पुण्यात धायरीतला फ्लॅट, मुलगा होस्टेलवर. ताप आधी मला आला, दोन दिवसांनी बायकोला. पाचव्या दिवशी सकाळी मला दरदरून घाम फुटला आणि थर्मामीटर 98 वर. इतकं हलकं वाटलं म्हणता! तोवर तिने 102 तापात उठून चहा केला होता, माझ्या उशाशी पाणी ठेवलं होतं. आता आपली पाळी, असं म्हणून मी डाळ-तांदूळ धुतले, कुकर लावला. पोटात दुखत होतं, पण चार दिवस धड खाल्लं नाही म्हणून असेल, असं वाटलं. दुसऱ्या शिट्टीला हात गार पडले. तिसऱ्या शिट्टीला मी ओटा धरून खाली फरशीवर बसलो. गॅस बंद करायला ती भिंतीचा आधार घेत आली, आणि मग तीही माझ्या शेजारी बसली. वॉचमनने रिक्षा बोलावून दिली.

प्लेटलेट्स 41 हजार होत्या. आम्ही त्या आकड्याकडे बघत बसलो, पण डॉक्टरांनी बोट ठेवलं ते हिमॅटोक्रिटवर, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणावर. रक्त घट्ट झालं होतं, कारण त्यातलं पाणी वाहिन्यांतून बाहेर झिरपत होतं. दोन दिवस सलाइनवर काढले.

डेंग्यूची ही खोड बऱ्याच जणांना माहीत नसते. बाकीच्या बऱ्याच तापांत ताप उतरला की माणूस सुटला. इथे धोक्याचे 24 ते 48 तास बहुधा तेव्हाच सुरू होतात. सगळ्यांचं बिघडतं असं नाही, बहुतेक जण घरीच बरे होतात. पण नवऱ्याची सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आजच करून घ्या आणि उद्या परत. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार, चक्कर, खूप गळून जाणं किंवा विनाकारण चिडचिड, सहा-सहा तास लघवी न होणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. चिडचिडीला ‘आजारपणाने वैतागलाय’ म्हणून सोडून देऊ नका.

म्हणजे तुमच्या घरात आत्ता ‘बरं वाटणारा’ आणि ‘जास्त आजारी’ अशी वाटणी करताच येत नाही. दोघंही रुग्ण. त्यामुळे तिसरा माणूस हवाच, निदान दिवसातून दोनदा डोकावणारा. आम्ही हे पाच दिवस लाजेखातर टाळलं. समोरच्या काकू नंतर म्हणाल्या, ‘दुधाच्या पिशव्या दाराशी दिसत होत्या, पण तुम्ही गावाला गेलात असं वाटलं.’ शेजारी किल्ली देऊन ठेवा आणि आतून कडी लावू नका. पेज, मऊ भात, ताक कोणीही आनंदाने करून देतं, फक्त तोंड उघडून मागावं लागतं.

गोळ्यांचं मात्र कागदावर लिहा. रात्री तीनला आमचा संवाद असा व्हायचा: ‘तू घेतलीस की मी घेतली?’ ‘मी घेतली बहुतेक.’ ‘मग ही कुणाची?’ दोघांच्या डोक्यात ताप, दोघांची पट्टी एकच. शेवटी तिने कॅलेंडरचं मागचं पान फाडून दोघांचे दोन रकाने केले, प्रत्येकात वेळ, ताप, गोळी, पाणी, लघवी. पट्ट्याही वेगळ्या, माझ्या पट्टीवर रबरबँड. डॉक्टरांनी बजावलं होतं, पॅरासिटामॉल 650 ची दिवसाला चारच्या वर नाही आणि दोन गोळ्यांत सहा तास. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही धरून. अंग ठणकतं म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन अजिबात नको, रक्तस्राव वाढतो. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन आधीपासून चालू असेल तर मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारा. ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्ये, अर्धं पाकीट अंदाजपंचे ग्लासात नाही.

पपईच्या पानांचा रस तीन घरांतून आला. बायकोने एकदा घेतला, उलटी झाली. मग ती उलटी डेंग्यूची की पपईची, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. तिथे तो विषय मिटला.

जास्त आजारी कोण यावरच्या तुमच्या भांडणाबद्दल लिहिलंत ते वाचून हसू आलं, माफ करा. आमच्याकडेही ‘तुझा 101, माझा 102’ चाललं होतं. दोन आजारी माणसं एकमेकांची सेवा करायला गेली की दोघांनाही वाटतं, आपणच जास्त केलं. आम्ही ठरवलं, एकमेकांसाठी उठायचं नाही, फक्त विचारायचं. पाण्याची बाटली ज्याची त्याच्या उशाशी, रात्री काही लागलं तर हाक न मारता मोबाइलवर मिसकॉल. एकाच खोलीत मिसकॉल देणारे आम्हीच असू.

सासूबाईंना येऊ द्या. डेंग्यू हात लावल्याने, ताटा-वाटीने पसरत नाही, पण तुम्हाला चावलेला डास पुढे त्यांना चावला तर त्यांना होऊ शकतो. हा डास दिवसा चावतो, म्हणून मच्छरदाणी दिवसाही लावा, तुमच्यावर आणि दुपारी आडव्या झाल्या तर त्यांच्यावरही. आणि त्या यायच्या आधी घरातलं साचलेलं पाणी कोणाकडून तरी बघून घ्या. हा डास फार लांब उडत नाही, दोघांना एकदम झालं म्हणजे त्याचं बिऱ्हाड जवळच असणार. आमच्याकडे महापालिकेच्या माणसाने कुंड्यांखालच्या बशा बघितल्या, बाल्कनीतली बादली बघितली, मनीप्लांटची बाटली बघितली, काही नाही. मग त्याने फ्रिज पुढे ओढला आणि मागचा पाणी साठायचा ट्रे बॅटरीच्या उजेडात धरला. त्यात अळ्या वळवळत होत्या. सात वर्षांत तो ट्रे काढता येतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. पाणी बेसिनमध्ये न ओतता कोरड्या मातीत ओतायला सांगा.

सीबीसीचा रिपोर्ट आला की इथे टाका. प्लेटलेट्सबरोबर हिमॅटोक्रिटही लिहा, कालचा आणि आजचा दोन्ही. फ्रिज तुम्ही दोघांनी ओढायचा नाहीये.