आजोबांचा जुना घडीचा चाकू घरच्या घरी हाताने घासून नवा करता येईल का? पातं चकचकीत हवंय, मूठ पण

येईल की. पण तुम्हाला चाकू नीट करायचाय का त्याचा आरसा करायचाय ते आधी ठरवा. गंज काढणं वेगळं आणि चकाकी आणणं वेगळं, चकाकीच्या नादातच जुनी पाती मरतात. आमच्या घरातलं एक असंच मेलंय म्हणून एवढं लिहायला बसलोय.

आमचे आण्णा निपाणीत तंबाखूच्या वखारीत होते. बोदाची (तंबाखूच्या गठ्ठ्याची) सुतळी कापायला खिशात कायम घडीचा चाकू, शिसवी मूठ, पात्याच्या बुडाशी बारीक अक्षरात शेफील्ड (इंग्लंडातलं चाकूंसाठी प्रसिद्ध गाव) कोरलेलं. ते गेल्यावर चाकू माझ्याकडे आला, सावकाश करू म्हणून मी ठेवलेला. आमचे दाजी बेळगावला उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये, ते म्हणाले दे इकडे, दोन मिनिटांचं काम आहे. संध्याकाळी घेऊन आले तर लख्ख, घरात सगळे वा वा करतायत, आणि मी बघतोय तर टोकाकडे बोटभर निळा पट्टा आणि शेफील्डची निम्मी अक्षरं मशीनच्या घासायच्या व्हीलने खाल्लेली. म्हटलं दाजी, पातं तापलं हो. तर त्यांनी ब्रासो घेऊन तो निळा पट्टा घासून काढला आणि म्हणाले, बघ, गेला की डाग!

डाग नव्हताच तो. कार्बन स्टीलचं पातं कडक केल्यावर साधारण 200 डिग्री सेल्सियसच्या आसपास टेंपर केलेलं, म्हणजे ठिसूळपणा जावा म्हणून परत बेताचं तापवलेलं असतं. त्याच्या वर गेलं की आधी पिवळसर रंग येतो, मग तपकिरी, आणि 300 च्या जवळ निळा. टोक आणि धार पातळ, म्हणून तिथं आधी तापतं. रंग नुसता वरचा थर, घासला की जाणारच, पण पात्याचं उतरलेलं पाणी, म्हणजे कडकपणा, ब्रासोने परत येत नाही, धार लावली तरी दोन दिवसांत बोथट होते. मी दाजींच्या देखत बारीक कानस फिरवून दाखवली, बुडाकडे नुसती घसरली आणि टोकाकडे कीस निघाला. तर म्हणे तुझी कानसच तसली. आता ताईच्या नवऱ्याला तोंडावर काय बोलणार, गप्प बसलो. अजून कुणाचं लग्न-मुंज असलं की विषय निघतोच, "ह्याला हाताने घासायला वर्ष लागलं असतं." वर्ष नाही लागत हो, एक रविवार पुरतो.

तर तुमचं. सांध्यात रॉकेल सोडून मळ काढा. पातं पूर्ण उघडून फळीवर आडवं ठेवा, हातात धरून घासायचं नाही, धारेवर टेप लावा. वॉटर पेपर (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर, नंबर मोठा तितका बारीक) सपाट ठोकळ्याला गुंडाळून 400, 600, 800, 1000 असं जायचं, खड्डे खोल असतील तरच 220 पासून. दर नंबरला घासायची दिशा बदला म्हणजे आधीचे ओरखडे गेले का ते दिसतं, शेवटचा हात पात्याच्या लांबीत. 1000 ला थांबा. पुढं आरसा केलात तरी पहिलं लिंबू कापलं की डागाळणारच, आणि तो राखाडी-काळा थर वाईट नसतो, त्यानं गंज जरा लांब राहतो. लाल ते काढा, काळं राहू द्या. कोरलेल्या नावावर पेपर अजिबात नको. झाल्यावर शिलाई मशीनचं तेल.

मूठ हलत नसेल तर रिवेट काढायच्या भानगडीत पडू नका. 320 नंबरच्या पेपरने लाकडाच्या रेघेत हलका हात, मग जवसाचं तेल चोळून, जादाचं पुसून वाळू द्यायचं, असं दोन-तीनदा. खोबरेल नको, ते वाळत नाही. नवी मूठ बसवायचं म्हणाल तर ते वेगळंच प्रकरण आहे, चांगला सुतार गाठा.

हां, पात्यावर स्टेनलेस लिहिलेलं असेल तर काळ्या थराचं सोडून द्या, तो त्याला तसा धरत नाही. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा. शिसवीची धूळ नाकात जाऊ देऊ नका. मूठ सांबरशिंगाची असेल तर बदलायला म्हणून तसलं शिंग विकत घ्यायला जाऊ नका, 1972 च्या वन्यजीव कायद्यात अडकाल.

आणि मशीनवर कुणीच करू नये असं नाही. दर दोन सेकंदाला पाण्यात बुडवत, बोटाला चटका बसायच्या आत थांबणारे कारागीर आहेत. आमचे दाजी त्यातले नव्हेत.