स्टार्टर फिरतो, पण गाडी सुरू होत नाही? इंजेक्टर लगेच खोलू नका

पहिल्यांदा सगळेच इंजेक्टरवर (इंजिनात इंधन फवारणारा भाग) संशय घेतात, मीही घेतला होता आणि चारही उगाच बदलले होते. एखादा इंजेक्टर बिघडला तर इंजिन थरथरत का होईना, बहुधा सुरू होतं. चारही एकदम बंद असतील, तर दोष बहुतेक वेळा त्यांच्या आधीच्या कशात तरी असतो: फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच), इंधनाचा पंप किंवा क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे संगणकाला कळवणारा).

पेट्रोल गाडी असेल तर या क्रमाने बघा:

- चावी ऑन केल्यावर टाकीकडून पंपाची दोनेक सेकंद घरघर येते का?
- मदतनीसाला स्टार्टर मारायला सांगा, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला. टिकटिक यायला हवी. पट्टा आणि पंख्यापासून मात्र लांब राहा.
- टिकटिक नसेल तर कनेक्टर काढून टेस्ट लाइट लावा. साधा बल्ब नको, नॉइड लाइटच (इंजेक्टरच्या कनेक्टरमध्ये बसणारा छोटा तपासणी दिवा) घ्या. तो लुकलुकला तर वायरिंग ठीक, इंजेक्टर संशयित.

स्पार्क प्लगही काढून बघाच. पेट्रोलने ओला असेल तर इंधन पोचतंय, आता ठिणगी तपासा.

इंजेक्टरला बॅटरीची वायर थेट जोडू नका, आतली कॉइल जळू शकते. डिझेल कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून प्रचंड दाबाने डिझेल देणारी यंत्रणा) असेल तर पाइप सैल करूच नका, तो दाब कातडी फोडून आत शिरतो.