दादाच्या गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत का?

अगं, तू लिहितेस की दादाला बायपोलर (कधी अति उत्साह, तर कधी खोल नैराश्य आणणारा आजार) आहे, मूड स्थिर ठेवणारं लिथियम हे औषध सुरू झाल्यापासून वर्षभर तो छान आहे, पण पाहुण्यांना कळू नये म्हणून आईने गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून ठेवल्यात आणि आता लग्नाचं बघायचंय तर बरा झालाय ना, मग गोळ्या बंदच करूया असं ती म्हणतेय.

नाही गं, अजिबात नको. तो छान आहे तो गोळ्या चालू आहेत म्हणून. लिथियम अचानक थांबवलं की आजार उलटण्याची भीती खूप वाढते, तेही पुढच्या काही महिन्यांतच. डोस कमी करायचा तर ते डॉक्टर ठरवतील, हळूहळू. आणि या गोळीचं व्यसन लागत नाही, हे आईला नक्की सांग.

मला खरी काळजी वाटतेय ती त्या बाटलीची. लिथियम रक्तात थोडं जास्त झालं तरी विषबाधा होते, म्हणून तर सारख्या ब्लड टेस्ट करायला लावतात, आणि आयबुप्रोफेनसारख्या साध्या पेनकिलरने किंवा उलट्या-जुलाबांनी सुद्धा ते वाढू शकतं. उद्या दादाचं अंग दुखलं आणि घरी आलेल्या कुणी मायेने पेनकिलर दिली तर त्या माणसाला काय कल्पना? किंवा दुसऱ्याच कुणी व्हिटॅमिन समजून ती गोळी घेतली तर? हात जास्त थरथरणं, उलट्या, तोल जाणं, जीभ जड होणं असं काही दिसलं तर तडक हॉस्पिटल गाठा. गोळ्या आजच्या आज मूळ पाकिटात ठेवा.

आईवर चिडू नकोस. मुलाला कुणी वेडा म्हणेल या धास्तीने ती हे करतेय, कदाचित आपलंच काही चुकलं असंही तिला आतून वाटत असेल. तसं नाहीये, या आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, संस्कारांचा काही संबंध नाही. पुढच्या अपॉइंटमेंटला तिला सोबत ने आणि तिचे प्रश्न तिलाच विचारू दे, डॉक्टरांचं ती ऐकेल.

एक गोष्ट मात्र खटकली. एवढ्या मोठ्या पत्रात दादाचं म्हणणं कुठेच नाही! आजार त्याचा आहे, नातेवाईकांपैकी कुणाला सांगायचं, कुणाला नाही हे त्यानेच ठरवायचं. फक्त जिच्याशी लग्न ठरेल तिला आधी कळलंच पाहिजे, आणि तेही त्याच्याच तोंडून. तर आधी त्याच्याशी बोल, आईशी नंतर.