सात दिवसांचा घरगुती डिटॉक्स: काय चालेल, काय अंगाशी येईल

प्रश्न थोडक्यात असा आहे. फराळानंतर घरच्या ग्रुपवर सात दिवसांचा डिटॉक्स फिरतोय. पहिल्या दिवशी एरंडेल, रोज सकाळी दुधी-कारलं-आवळ्याचा रस आणि गुळवेलीचा काढा, चौथ्या दिवशी शंखप्रक्षालन (मिठाचं कोमट पाणी पिऊन पोट धुणं), सातव्या रात्री ऑलिव्ह तेल आणि लिंबाचं ‘लिव्हर फ्लश’, शिवाय रोज झोपताना तळपायाला ‘विष ओढून घेणारा’ पॅच. नवऱ्याला फॅटी लिव्हर ग्रेड १ आहे. सासूबाई चौसष्टच्या, मधुमेह आणि ब्लड प्रेशरच्या गोळ्या चालू. करावं का?

सासूबाईंनी यातलं काहीही करू नये. नवऱ्याला वेगळं काहीतरी करायला हवंय, ते पुढे लिहितो. तुमची तब्येत ठणठणीत असली तरी रस, काढा आणि फ्लश या तिन्ही गोष्टी यादीतून काढा. उरलेल्यातून फायदा फारसा नाही, पण नीट केलं तर निदान जीव धोक्यात येणार नाही.

आधी एक गोष्ट. मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर सोडतात. यकृत अमोनियाचा युरिया करतं, औषधं आणि दारू पाण्यात विरघळेल अशा रूपात आणून बाहेर काढायच्या वाटेला लावतं. हे काम चकलीसाठी थांबत नाही आणि रसामुळे वेगानं होत नाही. म्हणून डिटॉक्स सुचवणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत: नेमकं कोणतं विष, ते कुठे साठलंय, आणि उपायाआधी व नंतर कोणत्या तपासणीत मोजलं? उत्तर बहुधा मिळत नाही. मिळतो तो डोळ्यांना दिसणारा ‘पुरावा’, आणि गंमत म्हणजे तो पुरावा त्या उपायानंच तयार केलेला असतो.

लिव्हर फ्लश हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. संध्याकाळी जुलाबासाठी एप्सम सॉल्ट, रात्री अर्धा कप ऑलिव्ह तेल लिंबाच्या रसात, मग उजव्या कुशीवर झोप. सकाळी हिरवट, मेणचट गोळे पडतात आणि लोक त्यांचे फोटो टाकतात, ‘पित्ताशयातले चाळीस खडे पडले’ म्हणून. २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी एका बाईंचे असेच गोळे प्रयोगशाळेत तपासल्याचं छापून आलं. खरे पित्तखडे ज्यांचे बनतात त्यातलं काहीच त्यात नव्हतं: कोलेस्टेरॉल नव्हतं, बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं द्रव्य) नव्हतं, कॅल्शियम नव्हतं. ४० अंश सेल्सियसला ते वितळले. बहुतांश भाग फॅटी ॲसिडचा, म्हणजे थोडक्यात साबण. तेल पचताना सुटलेली आम्लं आणि रसातलं पोटॅशियम यांचा गोळा आतड्यात तयार होतो आणि पित्तानं हिरवा रंगतो. त्या बाईंच्या सोनोग्राफीत दिसलेले खरे खडे नंतर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनं काढावे लागले.

कुणाला तरीही खात्री करायची असेल तर सोपं आहे. गोळा कोमट पाण्यात टाकून बघा, मऊ पडून तेलकट तवंग येईल. किंवा फ्लशच्या आधी आणि नंतर सोनोग्राफी करा.

धोका खरे खडे असणाऱ्यांनाच जास्त आहे. एकदम एवढं तेल पोटात गेलं की पित्ताशय जोरात आकुंचन पावतं. खडा बारीक असेल तर तो पित्तनलिकेत जाऊन अडकू शकतो: मग कावीळ, ताप, किंवा स्वादुपिंडाला सूज. उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात सतत दुखत राहणं, पाठीपर्यंत कळ जाणं, उलट्या, डोळे पिवळे होणं यातलं काही दिसलं तर त्याच रात्री दवाखाना गाठायचा. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मूत्रपिंड कमजोर असेल तर रक्तातलं मॅग्नेशियम वाढून ग्लानी येते, ठोके मंदावतात. आणि हो, अर्धा कप तेल म्हणजे जवळजवळ हजार कॅलरी. फराळाचं प्रायश्चित्त म्हणून हे महाग पडतं.

आता दुधी. यादीतली दिसायला सगळ्यात सात्त्विक आणि प्रत्यक्षात सगळ्यात घातक गोष्ट हीच. दुधी, काकडी, कारली या वेलवर्गात कुकर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. बाजारातल्या दुधीत ती नगण्य असतात. पण वेलाला पाण्याचा ताण पडला, ऊन फार झालं, फळ जून झालं किंवा साठवण बिघडली की एखादा दुधी कडूजहर निघतो. बाहेरून काही कळत नाही. असा रस प्यायल्यावर काही मिनिटांपासून तास-दीड तासात पोटात मुरडा, उलट्या, जुलाब सुरू होतात, उलटीतून रक्त पडतं आणि ब्लड प्रेशर कोसळतं. २०१० मध्ये दिल्लीत आणि २०१८ मध्ये पुण्यात अशा रसानंतर मृत्यू झाले. पुण्यातल्या घटनेच्या कितीतरी आधी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनं स्पष्ट सांगितलं होतं: रस काढण्याआधी तुकडा चाखा, कडू लागला तर फेका, दुधीचा रस दुसऱ्या रसात मिसळू नका.

तुमच्या यादीतली चूक नेमकी इथे आहे. कारलं आणि आवळा घातल्यावर कडवटपणा दुधीचा की कारल्याचा, हे कळायला मार्गच उरत नाही. शिवाय ‘कडू म्हणजे गुणकारी’ हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की लोक नाक दाबून अख्खा ग्लास संपवतात. भाजी कडू लागली तर पहिल्याच घासाला आपण ताट बाजूला सारतो, रस मात्र औषध म्हणून एका दमात जातो. कुणाला रस प्यायचाच असेल तर दोन्ही टोकं आणि मधला भाग, तिन्हीकडची फोड कच्ची चाखायची, जिभेवर ठेवून थुंकायची. जरा शंका आली की संपूर्ण दुधी कचऱ्यात, भाजीतही नाही, कारण शिजवल्यानं हे विष जात नाही. साखर, मीठ, पुदिना घालून चव ‘सुधारायची’ नाही. त्रास सुरू झालाच तर बोटं घालून उलटी काढू नका, घरी थांबून लिंबूपाणी देत बसू नका, १०८ला फोन करा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात ‘कडू दुधीचा रस प्यायलाय’ असं सांगा. यावर उतारा नाही. सलाईन, ब्लड प्रेशर सांभाळणं आणि जठरातला रक्तस्राव बघणं हेच उपचार. अन्नातून साधी विषबाधा झाली असं समजून वेळ गेला तर अवघड होतं. उरलेला रस आणि दुधी सोबत न्या.

गुळवेलीबद्दल लिहिलं की इथे वाद पेटतो, तरी लिहितो. कोविडच्या काळात, २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये, गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते त्या ‘ऑटोइम्यून’ हिपॅटायटिससारखं (यकृताच्या सुजेसारखं) हे चित्र होतं. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला, की वनस्पतीची ओळख पटवलेली नाही, दिसायला जवळची दुसरी जात असू शकते. आक्षेप रास्त आहे. पण तुमच्या दृष्टीनं त्याचा अर्थ काय? पिशवीत आलेले कांडीचे तुकडे कोणत्या वेलीचे, हे तुम्हालाही ओळखता येणार नाही. आधीच फॅटी लिव्हर असलेल्या माणसानं, थायरॉइड किंवा संधिवातासारखा ऑटोइम्यून आजार असलेल्यानं रोजचा काढा टाळावा. आधीच घेत असाल आणि लघवी गडद पिवळी, अंगाला खाज, अन्नावरची वासना गेलेली, डोळे पिवळट असं झालं तर काढा बंद करून एसजीपीटी-बिलिरुबिन या यकृताच्या रक्ततपासण्या करा. हळदीच्या मिरीयुक्त कॅप्सूलांनाही हेच लागू. भाजीतल्या हळदीला नाही.

एरंडेल. प्रौढाला १५ ते ३० मिली, दोन ते सहा तासांत जुलाब. पूर्वी महिन्याकाठी घरादाराला देत, त्यात जंतांचा हिशेब मोठा होता. आता त्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्यानं अल्बेंडाझोलची एक गोळी पुरते. ठणठणीत माणसानं एखाद्या वेळी घेतलं तर आभाळ कोसळत नाही. गरोदरपणी अजिबात नाही, गर्भाशय आकुंचन पावतं. आणखी एक घोटाळा नेहमीचा: जुलाबानंतर एक-दोन दिवस शौचाला होत नाही, कारण आतड्यात काही उरलेलंच नसतं. लोक त्याला बद्धकोष्ठ समजून पुन्हा एरंडेल किंवा सोनामुखी घेतात आणि मग त्याशिवाय पोट हलत नाही. जुलाबात दिसणारा चिकट पदार्थही ‘साठलेली घाण’ नव्हे. आतड्याचं अस्तर नेहमीच असा बुळबुळीत थर सोडतं, ते चिडवलं की जास्त सोडतं. वजनकाट्यावर गेलेले दीड-दोन किलो म्हणजे पाणी, मल आणि यकृत-स्नायूंतली साठवलेली साखर. दोन दिवस नीट जेवलात की परत.

शंखप्रक्षालन जाणकारासमोर, नीट केलं तर पोट खरंच रिकामं करतं. एका लिटर कोमट पाण्याला सपाट दोन चहाचे चमचे मीठ, दोन पेले पिऊन ताडासन, तिर्यक ताडासन, कटिचक्रासन, तिर्यक भुजंगासन, उदराकर्षणासन, मग पुन्हा दोन पेले, स्वच्छ पाणी पडेपर्यंत. त्यानंतर पाऊण तास विश्रांती आणि तूप घातलेली मऊ मूगडाळ-तांदळाची खिचडी. बिघडतं ते इथे: मीठ अंदाजानं टाकलं आणि जास्त झालं तर उलट्या होतात आणि रक्तातला सोडियम वाढतो, मीठ न घालता लिटरच्या लिटर पाणी ढोसलं तर सोडियम उतरून डोकं दुखतं, गोंधळल्यासारखं होतं, झटकेही येऊ शकतात. पाच-सहा पेल्यांनंतरही शौचाला झालं नाही तर आणखी प्यायचं नाही, थांबायचं. ब्लड प्रेशर, हृदय, मूत्रपिंड, अल्सर, हर्निया, गरोदरपण यांपैकी काही असेल तर मुळीच नाही. आणि पोट रिकामं झालं म्हणजे रक्त ‘शुद्ध’ झालं असं नसतं. कोलोनोस्कोपीआधी (दुर्बिणीनं मोठं आतडं तपासण्याआधी) रुग्णांचं आतडं याहून स्वच्छ करतात. त्यानं कुणाचा मधुमेह गेलेला नाही. (आयुर्वेदातलं विरेचनसुद्धा असं उठून करत नाहीत. आधी स्नेहन-स्वेदन (तेल-तूप आणि शेक), नंतर पेजेपासून हळूहळू जेवणाकडे येणारा संसर्जनक्रम, आणि समोर वैद्य. व्हॉट्सॲपनं त्यातला फक्त जुलाब उचललाय.)

पायाचे पॅच: न वापरलेल्या पॅचवर कोमट पाण्याचे चार थेंब टाका, तेवढाच काळा पडेल. ‘विष ओढणाऱ्या’ विजेच्या फुटबाथमध्ये पाय न घालता वीज चालू करा, लोखंडी पट्टीच्या गंजानं पाणी तितकंच तांबडं होईल.

सासूबाईंना का नको, ते नीट समजून घ्या, कारण घरात विरोध होईल. त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावरची नावं वाचा. ग्लिमेपिराइड असेल तर गोळी घेऊन नुसत्या रसावर राहिल्यास साखर एकदम खाली येते: घाम, थरथर, बरळणं. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असेल (उदाहरणार्थ डापाग्लिफ्लोझिन; स्वस्त झाल्यापासून ती पुष्कळांना चालू असते) तर उपास आणि जुलाबात किटोन (चरबी जळताना सुटणारी द्रव्यं) वाढून रक्तच आम्लधर्मी होतं, आणि मशीनवर साखर जेमतेम वाढलेली दिसते म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मळमळ, पोटदुखी, धाप लागणं ही त्याची खूण. शस्त्रक्रियेआधी ही गोळी तीन दिवस बंद ठेवायला सांगतात ते याचसाठी. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तर त्यावर एरंडेलाचे जुलाब म्हणजे ब्लड प्रेशर पडणं आणि मूत्रपिंडाला इजा. शंखप्रक्षालनाचं मीठ ब्लड प्रेशरला वाईट. एवढं सांगूनही ऐकलं नाही तर त्यांच्या डॉक्टरांकडून वदवून घ्या, सुनेपेक्षा त्यांचं ऐकतील.

नवऱ्यासाठी: सोनोग्राफीतला ग्रेड चरबी सांगतो, यकृत किती कडक झालंय ते सांगत नाही. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून फिब-४ (कडकपणाचा अंदाज देणारा आकडा) काढून घ्या, १.३ च्या खाली असेल तर सध्या घाबरायचं कारण नाही, वर असेल तर यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनबद्दल विचारा. उपाय म्हणून वजन ७ ते १० टक्के उतरवणं. ८० किलोचा माणूस असेल तर साडेपाच ते आठ किलो, आठवड्याला अर्ध्या किलोहून वेगानं नको. दारू बंद, कोल्ड्रिंक आणि पॅकेटमधला रस बंद, आठवड्याला १५० मिनिटं दमसास लागेल असं चालणं. बिनसाखरेची कॉफी चालते. मात्र रोज भरपूर दारू पिणाऱ्या माणसानं ती घरच्या घरी एकदम सोडू नये, हातापायांना कंप, भास, झटके येऊ शकतात. तो डिटॉक्स खरा असतो आणि दवाखान्यातच करायचा असतो.

फराळानं नुसतं पोट जड झालं असेल तर दोन दिवस ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मुगाचं वरण, ताक. शौचाला त्रास असेल तर रात्री एक-दोन चमचे इसबगोल पूर्ण ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच पिणं, वर आणखी अर्धा ग्लास; कोरडं तोंडात टाकलं तर घशात फुगून अडकतं. एरंडेल आधीच घेऊन झालं असेल आणि जुलाब थांबत नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट घोट. शौचातून रक्त, वजन आपोआप उतरणं, किंवा चाळिशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणं असेल तर इसबगोलावर भागवू नका, पोटाच्या डॉक्टरांना दाखवा.