एचआयव्ही असलेल्या माणसाला दुबईत नोकरीसाठी जाता येते का?

आपला धाकटा भाऊ वेल्डर आहे, नांदेडच्या एआरटी केंद्रातून (एचआयव्हीची औषधे देणाऱ्या सरकारी केंद्रातून) तीन वर्षे नियमित गोळ्या घेतो, त्याच्या रक्तात विषाणू आता मोजण्याइतकाही सापडत नाही, तर दुबईच्या मेडिकलमध्ये तो पास होईल का, असे आपण विचारले आहे. होणार नाही. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कतार, कुवेत, ओमान आणि बहारीन या सहाही देशांत कामाच्या व्हिसासाठी एचआयव्ही तपासणी सक्तीची आहे, आणि ती तपासणी प्रामुख्याने शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधते. गोळ्यांनी विषाणू दबतो; प्रतिद्रव्ये राहतातच. चार-आठ दिवसांच्या पर्यटन व्हिसाला ही तपासणी लागत नाही, पण त्यावर काम करता येत नाही.

हे मी स्वतः भोगले आहे. २०१५ साली आमच्याकडच्या एका एजंटने "मेडिकलचं मी बघून घेतो" म्हणत माझ्याकडून ६०,००० रुपये घेतले. सोयाबीनचे पैसे होते ते. मुंबईत रक्त दिले आणि हातात आलेल्या कागदावर, माझ्या फोटोला चिकटूनच, 'अनफिट'चा शिक्का होता. पैसे बुडाले, आणि त्या माणसाने माझा आजार गावभर केला, हे मला पैशांहून जास्त लागले. दुसऱ्याचे रक्त द्यायची युक्ती कोणी सुचवली तर कृपया ऐकू नका, कारण तिथे पोहोचल्यावर निवासी परवान्याआधी पुन्हा रक्त तपासतात आणि पॉझिटिव्ह आलेल्याला परत पाठवतात. शिवाय पकडले जाण्याच्या धास्तीने गोळ्या सोबत न नेणारा माणूस औषधात खंड पाडून घेतो, आणि विषाणू पुन्हा वाढतो.

सगळे जग असे नाही. अमेरिकेने १९८७ पासूनची प्रवेशबंदी ४ जानेवारी २०१० रोजी उठवली. ब्रिटन आणि जपान केवळ एचआयव्हीमुळे प्रवेश नाकारत नाहीत. तिकडे जायचे तर गोळ्या मूळ डबीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवाव्यात.

दुबईऐवजी वाळूज किंवा चाकणच्या कारखान्यांचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते. आपल्या २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्यानुसार, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, इथे नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची अट घालता येत नाही, आणि नांदेडहून ट्रान्सफरचे कागद नेले की त्याच गोळ्या तिथल्या केंद्रात मोफत मिळतात.