निघायच्या दिवशीच भांडण का होतं?

“अकरा दिवस सगळं छान होतं, मॅडम. बारावा दिवस उजाडला आणि सगळ्यावर पाणी पडलं. दर वर्षी हेच.”

समोर बसलेल्या बाई चाळिशीच्या होत्या. (दोघांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वर्षातून एकदा त्या, त्यांचे पती आणि नऊ वर्षांची मुलगी स्वतःच्या गाडीने आपल्या माणसांना भेटायला निघतात. आधी बाईंचे आईवडील, मग थोरले दीर-जाऊ, वाटेत एक जुनी मैत्रीण आणि सगळ्यात शेवटी पतीची आत्या. आत्यांचं वय ७८. पती चार वर्षांचे असल्यापासून त्यांच्याकडेच वाढले.

शेवटच्या रात्री एक वाजेपर्यंत गप्पा चालतात. पहाटे चारला पती उठतात आणि तिथून त्यांचा आवाज चढायला लागतो. बॅग नीट का भरली नाही, चार्जर कुठे आहे, अजून आंघोळ कशी झाली नाही. मुलगी पोट दुखतंय म्हणून रडत बसते. आत्या फाटकाशी येऊन उभ्या राहतात, बाई त्यांच्याशी दोन शब्द बोलत असतात, आणि पती गाडीत बसून हॉर्न वाजवतात.

“जिने याला लहानाचा मोठा केला, तिच्यासमोर हॉर्न!” हे सांगताना बाईंचे डोळे भरून आले.

या वर्षी त्यापुढचंही घडलं होतं. तेरा तासांचा रस्ता एका दमात गाठायचा म्हणून पती कुठे थांबलेच नाहीत. दुपारी तीनच्या सुमारास गाडी हळूहळू कडेला सरकली, चाकं खडीत गेली, मुलगी किंचाळली. पतींनी स्टिअरिंग सावरलं. कोणाला काही झालं नाही. पण घरी आल्यावर चार दिवस कोणी कोणाशी धड बोललं नाही.

बाईंचे प्रश्न दोन होते. या माणसाला कोणाचं काही वाटतच नाही का? आणि शेवट असाच होणार असेल, तर एवढा प्रवास करायचाच कशाला?

सुट्ट्या संपल्या की वेगवेगळ्या घरांतून हेच प्रश्न माझ्याकडे येतात. कोणी परतल्यावर दोन दिवस रडतं. एखादी आई सांगते, मुलगी इतक्या महिन्यांनी आली आणि निघायच्या आदल्या दिवशी क्षुल्लक गोष्टीवरून भांडली. प्रत्येकाला वाटतं, आपल्याच घरात काहीतरी बिनसलंय.

मनाकडे वळण्याआधी मी गाडीबद्दल बोलले. हा क्रम मी मुद्दाम ठेवते, कारण दुखावलेलं मन पुढच्या महिन्यातही सावरता येतं. ताशी ९० किलोमीटरच्या वेगात चालकाला चार सेकंदांची डुलकी लागली, तर गाडी तेवढ्यात १०० मीटर जाते, आणि ते १०० मीटर ती कोणीच चालवत नसतं. १९९७ मध्ये ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी दाखवून दिलं, की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची हालचालींवरची पकड रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी ढिली होते. अनेक देशांत तेवढ्या अल्कोहोलवर गाडी चालवणं गुन्हा आहे. त्यात दुपारी दोन ते चारच्या दरम्यान शरीराच्या घड्याळानुसार सुस्ती येतेच. हे पती तीन तासांच्या झोपेवर निघाले होते आणि बरोबर त्याच वेळेत डुलकीने त्यांना गाठलं. काच खाली करून किंवा गाणी मोठ्याने लावून झोप जात नाही. थांबून पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटले तर उपयोग होतो. खरं तर शेवटचा टप्पा दोन दिवसांत वाटून घेतलेलाच बरा.

मग मी म्हटलं, “पुढच्या वेळी त्यांना घेऊन या.”

ते आले. शांत, नेमकं बोलणारे गृहस्थ. सुरुवातीला हिशेबच सांगत राहिले: एकूण २,४०० किलोमीटर, किती वाजता निघालं की गर्दी लागत नाही, अर्ध्या तासाचा उशीर पुढे दोन तासांचा कसा होतो. सगळं बरोबर होतं. मी ऐकून घेतलं आणि विचारलं, “आत्या फाटकाशी उभ्या असतात, तेव्हा तुम्ही कुठे बघता?”

“समोर.”

“आणि आरशात?”

जरा वेळ गेला. “गाडीत बसल्या बसल्या मधला आरसा वर करून ठेवतो. वळण येईपर्यंत. ती तिथेच उभी असते ना.”

बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आरशाचं त्यांना माहीत नव्हतं.

पुढचं हळूहळू, तीन भेटींत उलगडलं. आईवडिलांच्या नोकऱ्या लांबच्या, म्हणून मुलगा आत्याकडे. दोन-तीन महिन्यांनी ते भेटायला यायचे आणि तो रडू नये म्हणून त्याला झोप लागल्यावर निघून जायचे. “सकाळी उठलो की कोपऱ्यातली बॅग नसायची,” ते म्हणाले. मग त्याने जागं राहायला सुरुवात केली, पण झोप लागायचीच. सात-आठ वर्षांचा झाल्यावर त्याने आपल्यापुरता मार्ग काढला. आईवडील निघायचे त्या संध्याकाळी तो आधीच खेळायला निघून जायचा, अंधार पडल्याशिवाय परतायचाच नाही. घरचे म्हणत, किती समजूतदार आहे, अजिबात रडत नाही.

मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५० च्या सुमारास, हॉस्पिटलमध्ये आईवडिलांपासून दूर राहावं लागलेल्या लहान मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं. त्यांना तीन टप्पे दिसले. मूल आधी आकांत करतं, मग खचून गप्प होतं, आणि शेवटी अलिप्त होतं. तिसऱ्या टप्प्यातलं मूल ‘रुळलं’ असं बघणाऱ्याला वाटतं. आई परत आली की मात्र ते तिच्याकडे पाठ फिरवतं. त्या पाठ फिरवण्याचा अर्थ ‘मला तुझी गरज नाही’ असा नसतो. गरज पोटात दाबून धरायला ते शिकलेलं असतं. म्हणूनच मी पालकांना कळकळीने सांगते, मुलाची नजर चुकवून घराबाहेर पडू नका. सांगून गेलात तर ते पंधरा मिनिटं रडेल. चोरून गेलात तर तुम्ही समोर असतानाही त्याला धाकधूक राहील.

मोठ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. मानसोपचारतज्ज्ञ एरिक लिंडमन यांनी १९४४ मध्ये शोकाबद्दल लिहिताना, युद्धावर गेलेल्यांच्या घरच्यांचा उल्लेख केला होता. माणूस जिवंत असतानाच घरचे त्याच्या मरणाचं दुःख इतकं भोगून बसायचे, की तो सुखरूप परतल्यावर त्यांना त्याच्याबद्दल जवळीकच वाटेनाशी व्हायची. आपला निरोप एवढा भयंकर नसतो, पण वाट तीच. आत्या ७८ वर्षांच्या आहेत, पुढच्या वर्षी भेट होईल ना, हा विचार रात्रीच डोक्यात येतो. तो कोणी बोलून दाखवत नाही. मग सकाळी बॅगेवरून आवाज चढतो, कारण रागावून निघणं रडत निघण्यापेक्षा सोपं असतं. मुलीचं पोटही बहुधा त्याच न बोललेल्या गोष्टीने दुखत होतं.

बाईंचा दुसरा प्रश्न अजून तसाच होता. शेवट वाईट झाला म्हणजे सगळंच वाया गेलं का?

शेवटाचं वजन जास्त पडतं, हे खरं आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक साधा प्रयोग केला. लोकांनी एकदा ६० सेकंद १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात हात धरला. दुसऱ्या खेपेस तेच ६० सेकंद आणि वर ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. यातलं काय पुन्हा कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला त्रास निवडला. शेवट जरा सुसह्य होता, एवढ्याच कारणाने. पण गार पाण्यातली दीड मिनिटं आणि बारा दिवसांचा प्रवास यात फरक आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांच्या आठवडाभराच्या सुट्ट्या तपासल्या, तेव्हा ‘शेवट कसा झाला’ यावरून पुढच्या आठवणीचा अंदाज फारसा चांगला बांधता आला नाही. सुट्टीतला सर्वात लक्षात राहिलेला किंवा वेगळा दिवस कसा गेला, हे त्याहून उपयोगी ठरलं. मी बाईंना विचारलं, असा दिवस कोणता? त्या लगेच म्हणाल्या, लेक आणि तिचे आजोबा दुपारभर जुनं घड्याळ उघडून बसले होते, तो. हे सांगताना त्या पहिल्यांदा हसल्या. तो दिवस शेवटच्या सकाळने पुसला गेला नव्हता.

यानंतर मी एक सल्ला दिला आणि तो चुकला. पती मध्येच दोन दिवसांसाठी एकटे आत्यांकडे जाणार होते. मी सुचवलं, निघायच्या सकाळी पंधरा मिनिटं त्यांच्याजवळ बसा, मनातलं बोला. ते बसले, पण शब्द फुटला नाही आणि नेहमीपेक्षाही घाईत निघाले. नंतर माझ्या लक्षात आलं, की दाराशी बॅग दिसत असताना या माणसाला बोलायला सांगणं म्हणजे त्याला पुन्हा त्याच लहानपणीच्या खोलीत नेऊन उभं करणं होतं. वेळ चुकीची निवडली गेली, आणि ती मी निवडली होती. तसं मी त्यांना सांगितलंही.

मग आम्ही निरोपच आदल्या दिवशी दुपारी ठेवला, सामान भरायच्या आधी. काय बोलायचं ते त्यांनी स्वतः ठरवलं. दोन गोष्टी मात्र मी आग्रहाने घालायला लावल्या. एक, पुन्हा कधी बोलायचं याचा नेमका दिवस आणि वेळ. ‘लवकरच फोन करतो’ हे म्हाताऱ्या माणसाला धरून राहायला पुरत नाही. दुसरी, आत्यांनाही विचारायचं, की आम्ही निघताना तुला काय वाटतं. इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

मुलीला बाईंनी आधीच सांगून ठेवलं, की उद्या सगळ्यांनाच वाईट वाटणार आहे, बाबांना पण. “बाबांना पण?” तिने दोनदा विचारलं म्हणे.

पुढच्या वर्षीच्या प्रवासानंतर दोघं भेटायला आले. आदल्या दुपारी आत्या आणि ते दोन तास बोलत होते. काय बोलले ते मी विचारलं नाही. रात्री सगळे दहाला झोपले. सकाळी बॅगेवरून थोडं वाजलंच, बाई म्हणाल्या, पण लवकर मिटलं. या खेपेला वाटेत मुक्काम ठरला होता, त्यामुळे पहाटे चारची घाई नव्हती. मुलीचं पोटही दुखलं नाही.

“येतो गं,” म्हणून ते गाडीत बसले. आरसा जिथल्या तिथे होता. गाडी हलली, वळणाच्या जरा आधी त्यांनी वर पाहिलं. फाटकात कोणीच नव्हतं.

त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि फोन लावला. “अगं, आत का गेलीस?”

“नीट सांगून गेलास ना या वेळी,” आत्या म्हणाल्या. “मग उभी कशाला राहू? गुडघे दुखतात माझे.”